गोलाईचे सोळा रस्ते आणि खतावणीचे पान

सोयाबीनची आवक वाढली की लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांवर दुपारनंतर एकच मागणी वेगवेगळ्या तोंडांतून येत राहते. "मुनीमजी, माझी पट्टी बघा की. दसऱ्याच्या आधी माल घातला होता, उचल किती झाली तेवढं सांगा." बाहेर हमाल कट्टे उतरवत असतात, आत मुनीमजी वही पुढे ओढतात. कोणती वही ओढली, यावर त्या शेतकऱ्याला दोन मिनिटे थांबावे लागणार की अर्धा तास, हे ठरते.

रोजकीर्द ओढली तर पंचाईत. तिच्यात नोंदी घडल्या त्या क्रमाने असतात आणि 'दसऱ्याच्या आधी' म्हणजे नेमके कधी, हे शेतकऱ्यालाही आठवत नसते. पाने उलटत बसायचे. खतावणी ओढली तर पुढच्या अनुक्रमणिकेत नाव सापडते, नावापुढे पान क्रमांक असतो आणि त्या पानावर त्या माणसाचा वर्षभराचा व्यवहार एकाखाली एक मांडलेला असतो. रोजकीर्दीतही प्रत्येक नोंदीजवळ 'खा. पा.' असा एक अरुंद रकाना असतो. खा. पा. म्हणजे खाते पान. ही नोंद खतावणीत कुठे गेली आहे, त्याचा पत्ता.

संगणक हजारो-लाखो नोंदींतून आपले नाव क्षणात कसा काढतो, याचे उत्तर या दोन वह्यांमधल्या फरकात आहे. शोधण्याचे कष्ट त्याने लिहितानाच उरकून ठेवलेले असतात. ते कसे, हे आपण पायरीपायरीने पाहू. त्यासाठी संगणकशास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही. नांदेडचे १६ आणि लातूरचे १० असे २६ तालुके ओळखीचे असले की पुरे.

सुरुवात काहीच सोय नसलेल्या अवस्थेपासून करू. नोंदी येतील तशा साठत गेल्या आहेत, रोजकीर्दीसारख्या. अशा साठ्याला डेटाबेस म्हणतात, म्हणजे नोंदींचे कोठार. त्यात एक नाव शोधायला सांगितले तर संगणक पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत वाचत जातो. नोंदी दुप्पट झाल्या की वेळ दुप्पट.

पहिल्या हंगामात हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पाच-दहा हजार नोंदी संगणक डोळ्याचे पाते लवायच्या आत वाचून संपवतो. तिसऱ्या-चौथ्या हंगामात पडदा अडखळू लागतो आणि दुकानदार नवा संगणक घेतो. काही महिने बरे जातात, मग पुन्हा तेच. यंत्राचा दोष नसतो. कोठाराला अनुक्रमणिका नसते.

पुढची पायरी म्हणजे क्रम लावणे. २६ तालुके अकारविल्हे लावले, अर्धापूर पहिले आणि हिमायतनगर शेवटचे. आता मुखेड शोधू. मधले नाव बघायचे: तेरावे, नांदेड. मुखेड त्याच्या पुढे येणार, म्हणून पहिली तेरा नावे एका फटक्यात बाद. उरलेल्यांतले मधले मुदखेड; मुखेड त्याच्या अलीकडे. मग बिलोली, मग माहूर, मग मुखेड. पाच वेळा पाहिले आणि सापडले. २६ नावांत कोणतेही नाव शोधा, पाचाच्या वर जावे लागत नाही.

या पद्धतीचे खरे बळ नोंदी वाढल्यावर दिसते. नोंदी दुप्पट झाल्या की फक्त एक पाहणी वाढते. दहा लाख नावांना साधारण वीस पाहण्या लागतात, शंभर कोटींना तीस.

मग यादीच क्रमाने ठेवली की झाले, असे वाटेल. अडचण येते ती नवे नाव घुसवताना. लातूर जिल्हा १५ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा झाला तेव्हा त्यात आजचे सगळे तालुके नव्हते. काही नंतर निर्माण झाले. वहीत नावे दाटीने लिहिलेली असताना रेणापूर घालायचे, तर लातूर, लोहा, शिरूर अनंतपाळ, हदगाव, हिमायतनगर ही पाचही एकेक ओळ खाली सरकवावी लागतात. सव्वीसांत पाच सरकवणे सोपे आहे. दहा लाखांच्या यादीत प्रत्येक नव्या शेतकऱ्यामागे लाखो नावे सरकवत बसलो तर पट्टी करायची कधी?

येथे झाड मदतीला येते. संगणकातले झाड उलटे काढतात, मूळ वर आणि पाने खाली. जिथून वाट फुटते त्या जागेला आपण फाटा म्हणू. आपल्याकडे रस्त्यांना तोच शब्द आहे. प्रत्येक फाट्यावर एक नाव. शोधायचे नाव त्याच्या अलीकडचे असेल तर डावीकडे वळायचे, पुढचे असेल तर उजवीकडे. याला द्विभाजक झाड म्हणता येईल, प्रत्येक फाट्याला जास्तीत जास्त दोन वाटा असलेले.

सात नावे घेऊन ते उभे करू. कागद घेऊन बरोबर काढलेत तर अधिक चांगले. आधी नांदेड, ते मूळ. उदगीर त्याच्या अलीकडे, म्हणून डावीकडे. मुखेड उजवीकडे. अहमदपूर नांदेडच्या डावीकडे जाते, तिथे उदगीर भेटते, त्याच्याही डावीकडे. किनवट नांदेडच्या डावीकडे पण उदगीरच्या उजवीकडे. भोकर मुखेडच्या डावीकडे, लातूर मुखेडच्या उजवीकडे. कोणतेही नाव जागचे हललेले नाही आणि तरी सगळी क्रमाने बसली आहेत.

आता चाकूर शोधा. नांदेडवरून डावीकडे, उदगीरवरून उजवीकडे, किनवटवरून उजवीकडे, आणि पुढे वाट संपली. म्हणजे चाकूर या झाडात नाही. वाट संपली तीच त्याची जागा. आता घालायचे असेल तर तिथेच घालायचे. 'नाही' हे उत्तरही तीन पाहण्यांत मिळाले, हे ध्यानात घ्या. रोजकीर्दीत 'नाही' म्हणायला आख्खी वही वाचावी लागते.

इथेच नवशिके फसतात. हीच सात नावे कुणी अकारविल्हे क्रमाने दिली तर काय होईल? अहमदपूर मूळ. उदगीर त्याच्या उजवीकडे, किनवट उदगीरच्या उजवीकडे, नांदेड किनवटच्या, आणि असेच लातूरपर्यंत. डावीकडे एकही वाट नाही. झाडाची साखळी झाली आणि लातूर गाठायला सातही नावे ओलांडावी लागली. पावती क्रमांक, तारखा, चढत्या क्रमाने दिलेले खाते क्रमांक हे सगळे नेहमी क्रमानेच येतात, म्हणून ही आपत्ती अपवादाने येणारी नाही. व्यवहारात तीच जास्त येते.

यावर उपाय १९६२ साली गेओर्गी अदेल्सन-वेल्स्की आणि येवगेनी लांडिस या दोन सोव्हिएत गणितज्ञांनी दिला. प्रत्येक नवे नाव घातल्यावर डावी-उजवी बाजू मोजायची आणि एक बाजू दुसरीपेक्षा एकाहून अधिक पायऱ्यांनी लांब झाली की तिथे झाड वळवायचे. अहमदपूर, उदगीर, किनवट अशी साखळी झाली तर उदगीरला वर उचलायचे. अहमदपूर आपोआप डावीकडे जाते, किनवट उजवीकडे. क्रम तोच राहतो, उंची कमी होते. त्या दोघांच्या आद्याक्षरांवरून या झाडाला एव्हीएल झाड म्हणतात.

इथपर्यंतचे झाड संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे मेमरीत, उत्तम चालते. दुकानाचे दफ्तर मात्र डिस्कवर असते आणि डिस्कवरची एकेक जागा गाठणे महाग पडते. फिरत्या तबकडीच्या डिस्कला एका जागेवरून दुसरीकडे जायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात संगणक मेमरीतल्या हजारो गोष्टी पाहू शकतो. दहा लाख नावांसाठी वीस फाटे आणि प्रत्येक फाटा डिस्कच्या वेगळ्या कोपऱ्यात, म्हणजे वीस फेऱ्या.

तर मग एका फाट्याला दोनच वाटा कशाला? लातूरच्या गंजगोलाईत उभे राहून बघा. मधोमध जगदंबेचे मंदिर आणि भोवती सोळा रस्ते. एका जागी उभे राहून एकदा नजर फिरवली की सोळांतला आपला रस्ता कळतो. दोन वाटांच्या वीस फाट्यांनी जेवढ्या घरांपर्यंत पोहोचता येते, तेवढ्याच घरांपर्यंत सोळा रस्त्यांच्या पाच गोलाया ओलांडून पोहोचता येते. हिशोब करून पाहा: सोळाला सोळाने गुणत पाचव्या वेळी आपण १०,४८,५७६ वर येतो, आणि दोनाला दोनाने गुणत विसाव्या वेळीही तिथेच.

हीच कल्पना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी बोईंग या विमान कंपनीच्या संशोधन विभागात असताना १९७० साली मांडली. १९७२ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. त्या झाडाला बी-ट्री म्हणतात. 'बी' कशाचा, हे दोघांनी कधीच उलगडून सांगितले नाही. आज बँकेपासून मोबाइलमधल्या संपर्क यादीपर्यंत बहुतेक ठिकाणी याच घराण्यातले झाड काम करते.

बी-ट्रीत फाट्याच्या जागी एक आख्खे पान असते. मराठीत झाडाचेही पान आणि वहीचेही पान, त्यामुळे आपल्याला हे समजायला सोपे जाते. डिस्क काहीही वाचते ते एका ठरावीक मापाच्या तुकड्यात. पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये तो तुकडा ८ किलोबाइटचा असतो. फेरी मारायचीच आहे तर पान भरून नावे आणावीत, एवढा साधा विचार. एका पानावर मोबाइल क्रमांकासारख्या तीनशे नोंदी सहज बसतात. तीनशे वाटांच्या दोन पायऱ्यांत ९० हजार खाती, तीन पायऱ्यांत २ कोटी ७० लाख. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक माणसाचे खाते काढले तरी तीन पानांत काम होईल, आणि सर्वांत वरचे पान बहुधा मेमरीतच पडून असते.

पान भरले की काय होते, हे बारकाईने पाहू, कारण बी-ट्रीची सगळी हुशारी तिथे आहे. समजा, एका पानावर चारच नावे मावतात. पानावर अहमदपूर, उदगीर, किनवट, भोकर आहेत. नांदेड आले. क्रमाने ते किनवट आणि भोकरच्या मध्ये बसते, पण पाच नावे मावत नाहीत. मग पान दुभंगते: मधले किनवट वरच्या पानावर चढते, डाव्या पानावर अहमदपूर आणि उदगीर राहतात, उजव्यावर नांदेड आणि भोकर.

दोन्ही नव्या पानांवर आता निम्मी जागा मोकळी आहे. खतावणी बांधताना जुने मुनीम प्रत्येक खात्यामागे कोरी पाने सोडत. ती सोय इथे आपोआप होते. वरचे पान भरले तर तेही असेच दुभंगते आणि त्याच्यावर नवे मूळ उभे राहते. हे झाड खालून वर वाढते, म्हणून त्याची सगळी शेवटची पाने एकाच पातळीवर राहतात. नोंदी क्रमाने येवोत की कशाही, साखळी होत नाही.

आणखी एक सुधारणा नंतर रुळली. खऱ्या नोंदींचे पत्ते फक्त खालच्या पानांवर ठेवायचे आणि प्रत्येक खालच्या पानाला शेजारच्या पानाचा पत्ता द्यायचा. 'दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या पट्ट्या दाखवा' म्हटले की झाडावरून एकदाच उतरून दसऱ्याचे पान गाठायचे आणि तिथून शेजारची पाने ओलांडत दिवाळीपर्यंत चालत जायचे. दर तारखेला पुन्हा मुळापासून उतरावे लागत नाही.

झाडाचा एक वेगळा प्रकार आपण पत्त्याच्या शेवटच्या ओळीत लिहितो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतात कविता लिहीत. त्यांच्या सहा आकड्यांत एक झाड दडलेले आहे. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पुढचा आकडा उपविभाग, तिसऱ्यापर्यंत आलो की टपाल वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयाकडे नेतात.

इथे नाव मोठे की लहान अशी तुलना करावी लागत नाही. एकेक आकडा वाचायचा आणि त्या नावाची वाट धरायची. अशा झाडाला ट्राय म्हणतात. हे नाव एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० मध्ये दिले. देशात दीड लाखावर टपाल कार्यालये आहेत, पण वळणे सहाच. मोबाइलवर 'शिरू' एवढे टंकले की शिरूर अनंतपाळ, शिरूर ताजबंद, शिरूर कासार अशी गावे खाली दिसू लागतात, तेव्हाही असेच अक्षरागणिक झाड उतरले जाऊ शकते.

पिनकोडकडे बघताना एक गोष्ट मात्र खटकते. लातूर ४१३५१२, नांदेड ४३१६०१. दुसऱ्याच आकड्याला वाटा फुटल्या. लातूर सोलापूरच्या फांदीवर आहे, तर नांदेड छत्रपती संभाजीनगरच्या. उदगीर (४१३५१७) आणि देगलूर (४३१७१७) सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर, पण झाडात दूरचे पाहुणे. टपालाच्या थैल्या ज्या मार्गाने जातात त्या मार्गासाठी हे झाड बांधले आहे आणि त्या कामाला ते चोख आहे. 'माझ्या जवळचे दवाखाने दाखवा' हा प्रश्न त्याला विचारायचा नसतो.

मग तो कुणाला विचारायचा? अक्षांश क्रमाने लावले तरी भागत नाही. लातूर साधारण १८.४० अंशावर, उदगीर १८.३९ वर, यादीत दोन्ही एकमेकांना चिकटून येतील, पण मध्ये साठेक किलोमीटर पसरले आहेत. नुसत्या रेखांशाचेही तसेच. दोन दिशांना एकाच ओळीत बसवता येत नाही.

अँटोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये यासाठी आर-ट्री सुचवले. जवळजवळच्या ठिकाणांभोवती एक चौकट आखायची, जवळजवळच्या चौकटींभोवती मोठी चौकट, असे वरपर्यंत. शोधताना आपल्या आसपासचा परिसर ज्या चौकटींना शिवतो त्यांच्यातच उतरायचे, बाकीच्या न उघडताच सोडायच्या. तालुक्यांच्या नकाशाशी याचे साम्य आहे, फक्त तालुक्यांच्या हद्दी एकमेकींवर चढत नाहीत आणि या चौकटी चढू शकतात. आपण दोन चौकटींच्या सामाईक भागात असलो तर दोन्हींत उतरावे लागते. चौकटी वेड्यावाकड्या आखल्या गेल्या की हे उतरणे वाढते आणि नकाशा रेंगाळतो.

आता परत मोंढ्यात येऊ, कारण खरी दुखणी नकाशापेक्षा नावांत आहेत.

पहिले दुखणे शुद्धलेखनाचे. लातूर आणि लातुर, अहमदपूर आणि अहमदपुर, नायगाव आणि नायगांव. आपण वाचताना अडखळत नाही, पण झाडाला ही वेगळी नावे आहेत आणि ती वेगळ्या जागी बसतात. शेतकऱ्याचे जुने खाते 'शिरुर'च्या पानावर, आपण शोधतो 'शिरूर'. पडदा म्हणतो, असे खाते नाही. मग नवे खाते उघडले जाते आणि एका माणसाची उचल दोन ठिकाणी विभागली जाते. हिशोबाच्या वेळी त्यावरून कटकट होते, आणि त्यात शेतकऱ्याची काहीच चूक नसते.

याहून कठीण आहे ते डोळ्यांना न दिसणारे. मुखेड तालुक्यातल्या बाऱ्हाळीचे नाव घ्या. त्यातला 'ऱ' संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' आणि खाली टिंब अशी दोन चिन्हे जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच, आत वेगळे. नावामागे चुकून पडलेली मोकळी जागाही तशीच. उपाय एकच, नोंद आत घेतानाच सगळी अक्षरे एका ठरलेल्या रूपात आणायची आणि गावाचे नाव टंकू न देता यादीतून निवडायला लावायचे. जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक असतो; झाडात तो घालावा आणि नाव फक्त दाखवायला ठेवावे.

दुसरे दुखणे आकड्यांचे. गट नंबर अक्षरे म्हणून साठवला तर ९ च्या आधी १० येतो आणि १० च्या मागोमाग १००, कारण अक्षरांची तुलना डावीकडून एकेक चिन्ह घेऊन होते. '९ ते १०० मधले गट' विचारले तर काहीच मिळत नाही. त्यात एका कारकुनाने देवनागरी आकडे टंकले आणि दुसऱ्याने इंग्रजी, तर दोन स्वतंत्र गठ्ठे तयार होतात. १२/१, १२/२, १२/१० असे पोटहिस्से असतील तर गट आणि पोटहिस्सा वेगवेगळ्या रकान्यांत संख्या म्हणूनच ठेवावेत.

तिसरे आहे वर्णमालेचे, आणि ते मला फार जवळचे वाटते. मराठीत 'ळ' ची जागा 'ह' नंतर. संगणकाच्या अक्षरसंचात मात्र तो 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसवला आहे. आपल्या वर्णमालेप्रमाणे जवळा आधी, जळकोट नंतर. अक्षरसंचाच्या क्रमाने जळकोट आधी. क्रमाच्या या नियमाला कोलेशन म्हणतात आणि डेटाबेस उभारतानाच तो निवडावा लागतो.

निवडला की तो बदलता कामा नये. झाड एका नियमाने बांधले आणि शोध दुसऱ्या नियमाने घेतला, तर जवळ्याच्या फाट्यावर जळकोट चुकीच्या बाजूला वळेल आणि नोंद असूनही 'नाही' असे उत्तर येईल. हे कल्पनेतले संकट नाही. २०१८ मध्ये लिनक्समधल्या जीलिबसी या पायाभूत घटकाची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिच्यात क्रमाचे नियम बदलले. ज्यांनी ती बसवली त्यांच्या पोस्टग्रेसमधल्या अक्षरी निर्देशिका चुकीची उत्तरे देऊ शकत होत्या. त्या नव्याने बांधाव्या लागल्या. निर्देशिका म्हणजे इंडेक्स, आपण आतापर्यंत पाहिलेली अनुक्रमणिका. संगणकाची मूळ प्रणाली बदलली की 'रीइंडेक्स' ही आज्ञा चालवावी, हे कुठेतरी लिहून भिंतीला लावून ठेवा.

चौथे, अनेक रकान्यांच्या निर्देशिकेचे. ऑनलाइन सातबारा पाहताना आपण आधी जिल्हा निवडतो, मग तालुका, मग गाव, मग गट नंबर. त्याच क्रमाने बांधलेल्या निर्देशिकेत 'मुखेड तालुक्यातली सगळी गावे' मिळतील, 'मुखेड तालुक्यातल्या अमुक गावचा गट १२' मिळेल. पण नुसता 'गट १२' विचारलात तर झाड मुळाशीच थांबते, कारण तो गट जवळपास प्रत्येक गावच्या फांदीवर आहे. तसेच 'शिरू' ने सुरू होणारी नावे मिळतात, 'गाव' ने संपणारी मिळत नाहीत. हदगाव आणि नायगाव शेवटाला सारखे असले तरी झाड पहिल्या अक्षरावरून वळते.

पाचवे माझ्याच हातून घडले. एका आडत दुकानाचा शोध मंदावला म्हणून मला बोलावले होते. नाव, गाव, मोबाइल, मालाचा प्रकार, गाडीचा क्रमांक, तारीख, हमालाची टोळी, दिसेल त्या रकान्याला मी निर्देशिका लावून दिली. शोध झटपट झाला, मालक खूश. पंधरा दिवसांनी आवक चढली आणि फोन आला की पट्टी करताना पडदा गोठतो. कारण उघड होते. एक नोंद लिहिली की रोजकीर्दीबरोबर सातही खतावण्या लिहाव्या लागत होत्या, आणि कोणत्या ना कोणत्या झाडाचे पान दुभंगत होते. वजनकाट्याजवळ शेतकरी उन्हात उभे होते. मी पाच निर्देशिका काढून टाकल्या. मोबाइल आणि तारीख अशा दोन ठेवल्या. गाडीचा क्रमांक वर्षातून दोनदा विचारला जाई, तेव्हा अर्धा मिनिट थांबायला कुणाची हरकत नव्हती.

निर्देशिका लावण्याआधी आठवडाभर दुकानात बसून लोक खरोखर काय विचारतात ते ऐकावे, हे तेव्हापासून पाळतो.

शेवटी, झाड वापरले जाते आहे की नाही, हे तपासायचे कसे? बहुतेक डेटाबेसमध्ये प्रश्नाच्या आधी 'एक्स्प्लेन' हा शब्द लिहिला की तो उत्तराऐवजी आपला बेत सांगतो. पोस्टग्रेसच्या उत्तरात 'इंडेक्स स्कॅन' दिसले तर झाडावरून उतरणार आहे. 'सीक स्कॅन' (सीक्वेन्शिअल स्कॅन) म्हणजे रोजकीर्द पहिल्या पानापासून वाचणार आहे.

दुसरे उत्तर आले म्हणून लगेच घाबरू नका. नांदेड आणि लातूरच्या तालुक्यांची यादी भरा, तिला निर्देशिका लावा, मुखेड विचारा आणि 'एक्स्प्लेन' करून बघा. सव्वीस नावे एकाच पानावर मावतात. झाडावर चढण्या-उतरण्याच्या भानगडीत न पडता डेटाबेस ते पान थेट उघडतो आणि वरपासून खालपर्यंत वाचून काढतो.